वाचकांचे प्रश्न : आधी धुराची वाट, मग शेगडी

प्रश्न : आम्ही बॉस्टनजवळच्या माल्डन गावात, एका जुन्या लाकडी ‘ट्रिपल-डेकर’ घराच्या सर्वांत खालच्या मजल्यावर राहतो. तिन्ही मजल्यांचे मालक वेगवेगळे असून त्यांची कॉन्डो असोसिएशन आहे. आमचा मजला सुमारे ११०० चौरस फुटांचा आहे. तळघरात तिघांचे तीन तेलावरचे बॉयलर आहेत आणि शेजारचे घर जेमतेम सात फुटांवर आहे. येत्या हिवाळ्यात सासूबाई पुण्याहून येणार आहेत. त्यांना थंडी सोसत नाही आणि थोडा दम्याचाही त्रास आहे. तेलाचा खर्चही परवडेनासा झाला आहे, म्हणून बैठकीच्या खोलीत पेलेट स्टोव्ह, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या भुशाच्या गोळ्या (पेलेट) जाळणारी शेगडी, बसवावा असे वाटते. दुकानदाराने ताशी ५०,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचे एकक) स्टोव्ह सुचवला असून, धुराचा पाइप बाजूच्या भिंतीतून बाहेर काढता येईल किंवा सध्याच्या चिमणीला जोडता येईल, असे तो म्हणतो. कोणता स्टोव्ह घ्यावा आणि तो कसा बसवून घ्यावा?

उत्तर : आपण विचारले आहे ‘कोणता स्टोव्ह’, पण दाटीच्या वस्तीत तो प्रश्न शेवटी येतो. धूर कोणत्या वाटेने आणि कोणाच्या खिडकीजवळून बाहेर जाणार, हे आधी ठरवावे लागते. आपल्या पत्रातील वर्णनावरून दुकानदाराने सुचवलेल्या दोन्ही वाटा बंद दिसतात, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

चिमणीची वाट आधी पाहू. लाकूड, कोळसा किंवा पेलेट जाळणारे उपकरण तेलाच्या किंवा गॅसच्या बॉयलरबरोबर एकाच धूरनळीत सोडायचे नाही, असा अमेरिकेतील अग्निसुरक्षेचा स्पष्ट दंडक आहे. दोन्हींपैकी एक बंद असताना दुसऱ्याचा धूर त्याच्यातून उलटा घरात शिरू शकतो, आणि घनइंधनाची काजळी साचून तेलाच्या बॉयलरचा मार्गही अडतो. आपल्या इमारतीत त्या नळीवर तीन घरांचे बॉयलर असतील, तर चूक तुमची आणि धूर तिसऱ्या मजल्यावर, असाही प्रकार होईल. मात्र जुन्या ट्रिपल-डेकरांच्या विटांच्या चिमणीत कधी कधी एकाहून अधिक नळ्या असतात. एक बॉयलरची आणि दुसरी पूर्वीच्या स्वयंपाकघरातील कोळशाच्या चुलीची, जिचे तोंड पुढे प्लास्टर करून बुजवलेले असते. प्रमाणित चिमणी-सफाईवाल्याकडून आत कॅमेरा सोडून तपासणी करून घ्या. अशी रिकामी नळी सापडली आणि तिच्यावर कोणाचा हक्क नसला, तर तिच्यात चार इंच व्यासाचा स्टेनलेस स्टीलचा लाइनर, म्हणजे आतली नळी, थेट छपरापर्यंत सोडता येतो. आपल्यासारख्या घराला ही सर्वोत्तम वाट आहे, आणि खरे सांगायचे तर बहुधा ती एकमेव वाट आहे.

बाजूच्या भिंतीची वाट बंद असण्याचे कारण असे. पेलेट स्टोव्हमध्ये पंखा धूर बाहेर ढकलत असल्यामुळे उंच चिमणीवाचूनही तो भिंतीतून काढता येतो, हे दुकानदाराचे म्हणणे तत्त्वतः खरे आहे, आणि मोकळ्या उपनगरी घरात तसेच करतात. पण बहुतेक उत्पादकांच्या बसवणीच्या पुस्तिकेत एक वाक्य असते, जे विक्रेते फारसे वाचून दाखवत नाहीत : पाइपाचे तोंड अर्धबंदिस्त जागेत, म्हणजे पोर्चखाली, दाट कुंपणाच्या आत किंवा अरुंद बोळात उघडू नये. दोन घरांमधील तुमची सात फुटांची पट्टी हा असाच बोळ आहे. शिवाय उघडणाऱ्या दारा-खिडक्यांपासून बाजूला आणि खाली साधारण चार फूट अंतर ठेवावे लागते. मापे मॉडेलगणिक थोडी बदलतात आणि तुमच्या मॉडेलची पुस्तिका म्हणेल तेच मोजमाप निरीक्षक मानतात. तुमच्या धुराच्या तोंडासमोर शेजाऱ्याच्या शयनगृहाची खिडकी असेल, तर कागदावर अंतर बसले तरी जानेवारीच्या निवांत, वारा पडलेल्या रात्री धूर त्या बोळातच तरंगत राहील. घराच्या मागे तीन मजल्यांचे एकावर एक लाकडी पोर्च असतात, त्यामुळे तीही बाजू गेली. समोर पदपथ असल्यास पाइपाचे तोंड किमान सात फूट उंचीवर असावे लागते, आणि तेथे तुमच्या व दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या आड येतात.

बर्फाचाही विचार करावा लागतो. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये ११० इंचांहून अधिक बर्फ पडला होता, आणि दोन घरांमधल्या बोळात वाऱ्याने तो किती उंच साचतो हे आपण पाहिलेच असेल. जानेवारी २००५ मध्ये याच राज्यातील प्लिमथ येथे बर्फाच्या ढिगाने घराचे धुराचे तोंड बुजले आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूमुळे सात वर्षांची एक मुलगी दगावली. त्यानंतर मॅसॅच्युसेट्सने घरोघरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा केला. तो कायदा त्या मुलीच्याच नावाने, ‘निकोल्स लॉ’ म्हणून ओळखला जातो. आपल्याकडे अलार्म प्रत्येक पातळीवर, तळघरातही, आणि झोपण्याच्या खोल्यांच्या दारापासून दहा फुटांच्या आत आहे ना, हे स्टोव्ह घ्या अथवा न घ्या, आजच पाहून घ्या.

आता समजा, रिकामी नळी मिळाली. तरी बाहेरची भिंत, चिमणी आणि छप्पर ही कॉन्डोची सामाईक मालमत्ता असते, त्यामुळे उरलेल्या दोन मालकांची लेखी संमती आधी लागेल. या राज्यात घनइंधनाचे उपकरण वापरण्यापूर्वी नगरपालिकेच्या बांधकाम विभागाचा परवाना आणि तपासणी आवश्यक आहे. तो कागद फाइलला लावून विमा कंपनीला, आणि इमारतीच्या सामाईक विम्याच्या कंपनीलाही, कळवा. परवान्याविना बसवलेल्या स्टोव्हमुळे आग लागली, तर विम्याच्या दाव्यावर पहिला प्रश्न त्या परवान्याचाच येईल.

स्टोव्हच्या क्षमतेबाबत माझा दुकानदाराशी सरळ मतभेद आहे. तुमच्या डोक्यावर दोन तापवलेली घरे आहेत, म्हणजे छतातून उष्णता जवळजवळ जातच नाही. ११०० चौरस फुटांना ३०,००० बीटीयूच्या आसपासचा स्टोव्ह पुरे. त्याहून मोठा घेतला की तो सतत मंद आचेवर ठेवावा लागतो, मग काच काळी पडते, पेलेट जळतात त्या भांड्यात राखेचे खडे जमतात आणि धूरही वाढतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मे २०२० पासून नव्या स्टोव्हना तासाला २ ग्रॅम सूक्ष्मकणांची मर्यादा घातली आहे. चांगले पेलेट स्टोव्ह त्याच्याही बरेच खाली असतात, आणि दाटीच्या वस्तीत तो आकडा किमतीच्या आधी पाहावा. ३० टक्के, कमाल २,००० डॉलरची जी केंद्रीय करसवलत जुन्या जाहिरातींत अजून दिसते, ती ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या स्टोव्हना मिळत नाही.

बसवून घेताना दोन गोष्टींवर अडून राहा. स्टोव्हला जळण्यासाठी लागणारी हवा बाहेरून आणणारी स्वतंत्र नळी बसवून घ्या. आपल्या स्वयंपाकघरात फोडणी टाकताना धूर ओढणारा हूड पूर्ण वेगाने चालू होतो, तो घरातली हवा ओढून घेतो, आणि ही नळी नसेल तर तीच ओढ स्टोव्हपर्यंत पोहोचते : ज्योत पिवळी व सुस्त होते आणि दार उघडताच धुराचा भपका तोंडावर येतो. दुसरे म्हणजे पाइपाचा प्रत्येक सांधा सीलबंद हवा, कारण या पाइपातील धूर दाबाखाली असतो. साध्या लाकडी चुलीचा धूर वर ओढला जातो, त्यामुळे तिथे बारीक फट खपून जाते. इथे त्याच फटीतून धूर खोलीत येतो. म्हणूनच पेलेटसाठी दुहेरी भिंतीचा ‘टाइप पीएल’ पाइप ठरलेला आहे.

खर्चाचा हिशोब असा मांडा. ४० पौंडांच्या एका पिशवीतून, स्टोव्हची कार्यक्षमता धरून, साधारण अडीच लाख बीटीयू उष्णता घरात येते. म्हणजे एक पिशवी सव्वादोन गॅलन तेलाच्या बरोबरीची. पिशवीच्या किमतीला सव्वादोनने भागा, उत्तर तेलाच्या एका गॅलनच्या दरापेक्षा बरेच कमी आले तरच पुढे जा. तीच उष्णता हीट पंपाने, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणाऱ्या विजेच्या यंत्राने, मिळवायला सुमारे २८ युनिट वीज लागते. आपल्या राज्यातील युनिटला ३० सेंटच्या आसपासचा दर धरला, तर ती साडेआठ डॉलरच्या घरात जाते, म्हणजे पेलेटच्या पिशवीहून फार वेगळी नाही. वर राख नाही, धूर नाही, पिशव्या वाहणे नाही. सासूबाईंचा दमा लक्षात घेता माझे मत स्पष्ट आहे : रिकामी नळी मिळाली नाही, तर स्टोव्हचा विचार सोडून बैठकीच्या खोलीसाठी एक छोटा हीट पंप पाहा. आणि नळी मिळाली, तरी राख काढण्याच्या वेळी सासूबाईंना आतल्या खोलीत बसवा.

प्रश्न : आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला गेल्याच वर्षी पेलेट स्टोव्ह बसवला. एक टन पेलेट एकदम घेतले तर स्वस्त पडतात. मागच्या लाकडी पोर्चवर ते रचून ठेवावेत का? आणि वीज गेली तर काय करावे?

उत्तर : पोर्चवर अजिबात ठेवू नका. एका टनात ५० पिशव्या, म्हणजे २,००० पौंड येतात, आणि त्या सुमारे ४० बाय ४८ इंचांच्या एका लाकडी पॅलेटवर रचलेल्या असतात. भाग देऊन पाहिल्यास दर चौरस फुटाला १५० पौंडांचा भार पडतो, तर घराच्या जमिनी साधारण ४० पौंडांच्या हिशोबाने बांधलेल्या असतात. तळघराची काँक्रीटची जमीन हीच त्यांची जागा, पण तेथेही पिशव्या पॅलेटवरच, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. पेलेटमध्ये डिंक वगैरे काही नसते. दाबाने आणि उष्णतेने लाकडातलेच लिग्निन भुशाला धरून ठेवते. म्हणूनच दोन-चार पेलेट ग्लासभर पाण्यात टाकले की थोड्याच वेळात फुगून त्यांचा पुन्हा भुसा होतो. पिशवीला छिद्र असेल आणि तळघराला ओल असेल, तर हा प्रयोग तुमच्या नकळत पार पडतो, आणि तो भुसा ऑगरमध्ये, म्हणजे पेलेट पुढे सरकवणाऱ्या स्क्रूमध्ये, दगडासारखा अडकतो. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी तशीच एक भिजकी पिशवी ‘वरचे वरचे चांगले आहेत’ म्हणून हॉपरमध्ये, म्हणजे पेलेट भरायच्या पेटीत, ओतली. नंतर रविवारची सगळी दुपार उकिडवे बसून, लांब स्क्रूड्रायव्हरने तो घट्ट गोळा खरवडण्यात गेली. लहानपणी आजोळच्या बंबात ओल्या ढलप्या घातल्याबद्दल बोलणी खाल्ली होती, तरी शहाणपण आले नव्हते.

पिशवीवर पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूटचा ‘प्रीमियम’ शिक्का पाहा. त्यात राख जास्तीत जास्त एक टक्का असते, म्हणजे टनामागे २० पौंडांपर्यंत. हार्डवूड (कठीण लाकूड) की सॉफ्टवूड (पाइनसारखे मऊ लाकूड) हा वाद लाकडी चुलीच्या दिवसांतला आहे. पेलेटमध्ये पाणी आधीच काढलेले असते, आणि सॉफ्टवूडच्या पेलेटची उष्णता उलट किंचित जास्तच भरते. पिशवी हलवून तळाशी भुकटी किती साचली आहे ते बघणे अधिक उपयोगाचे.

वीज जाताच ऑगर आणि दोन्ही पंखे, धूर ढकलणारा आणि ऊब खोलीत सोडणारा, थांबतात. भांड्यात तेवढ्या वेळचे मूठभर पेलेटच असल्याने आग लवकर विझते, पण पंखा नसल्यामुळे उरलेला धूर खोलीत रेंगाळतो. धुराचा पाइप बाहेर किंवा चिमणीत काही फूट उभा चढवलेला असेल, तर तो नैसर्गिक ओढीने निघून जातो, आणि आडव्या छोट्या पाइपाची खरी उणीव अशा वेळीच कळते. चालू स्टोव्हला १०० वॅटच्या आसपास वीज लागते, पेटवतानाची काही मिनिटे मात्र ३०० ते ४०० वॅट. १०० अँपिअर-अवरची बॅटरी असलेला इन्व्हर्टर रात्र काढून देतो, पण तो शुद्ध साइन वेव्हचा घ्या, नाहीतर पंख्याच्या मोटारी गुरगुरतात आणि नियंत्रणाचा बोर्डही बिघडू शकतो.

राख थंड दिसली तरी तिच्यात निखारा कित्येक तास, कधी दिवसही टिकतो. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत ती भरा आणि बादली काँक्रीटवर, पोर्चपासून दूर ठेवा. कागदी पिशवीत भरून मागच्या पोर्चवर ठेवलेली राख हे लाकडी घरांना आग लागण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

प्रश्न : नाशिकमध्ये बायोमास पेलेट सहज मिळतात. मुलगी अमेरिकेतून छोटा पेलेट स्टोव्ह पाठवते म्हणते. बंगल्याच्या हॉलमध्ये लावावा का?

उत्तर : नको. आपल्याकडचे पेलेट बहुतांशी भुईमुगाची टरफले, सोयाबीनचे काड आणि भुसा यांपासून, कारखान्यांच्या बॉयलरसाठी बनवलेले असतात. काडाच्या राखेतील पोटॅश आणि सिलिका कमी तापमानाला वितळून भांड्याच्या छिद्रांवर काचेसारखा थर धरतात, आणि लाकडी पेलेटसाठी बनवलेला घरगुती स्टोव्ह एकदोन दिवसांत गुदमरतो. तो स्टोव्ह १२० व्होल्टचा असेल, त्याचे सुटे भाग येथे मिळणार नाहीत, आणि एका बाजूने खिडक्यांच्या फटींतून वारा येत असताना दुसऱ्या बाजूने हॉल तापवत बसावे लागेल. निफाडचा पारा एक आकड्यावर येतो ते मोजके दिवस आधी फटी बुजवून आणि जाड पडदे लावून सुसह्य होतात. स्वयंपाकासाठी पंखा लावलेल्या ज्या पेलेटच्या शेगड्या बाजारात मिळतात, त्यांना धुराचा पाइप नसतो. त्यांपैकी एखादी ऊब घेण्यासाठी दारे लावून हॉलमध्ये पेटवण्याचा विचार मात्र कोणीही करू नये, कारण धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड तेथे असतोच.