पैसे भरून लेख छापावा का?

प्रिय विद्यार्थिनी,

तू कोल्हापुरात एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहेस आणि तुला मुंबईतल्या लॉ फर्मच्या बँकिंग-फायनान्स टीममध्ये जायचंय. साडेतीन हजार रुपये भरले तर पंधरा दिवसांत लेख छापू, असं एका जर्नलने तुला कळवलंय. भरू का, विचारतेस.

अजिबात भरू नकोस. पंधरा दिवसांत छापून येणारा लेख बहुतेक वेळा कुणी वाचलेलाच नसतो. नावाजलेल्या जर्नलमध्ये लेखकाचं नाव झाकून लेख जाणकारांकडे तपासायला जातो, त्याला महिने लागतात. मुलाखतीत समोरचा वकील त्याच लेखावरून तुला खोदून विचारणार, हेही धरून चाल.

आधी वाचायला लाग. या विषयातल्या जर्नल्समध्ये पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न एकच: कंपनी बुडाली तर पैसे आधी कुणाला? कंपनी कायदा २०१३ चं कलम ७७ काढ. बँकेने कारखाना तारण घेतला, गहाणखत झालं, पण बोजाची, म्हणजे त्या मालमत्तेवरच्या बँकेच्या हक्काची, नोंदणी राहिली. नोंदणीचे तीस दिवस गेले, जादा फी भरून मिळणारी मुदतही गेली. पुढे कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे मालमत्ता विकून ती गुंडाळायची वेळ आली, तर पोटकलम ३ प्रमाणे लिक्विडेटर, म्हणजे हे काम करणारा, तो बोजा जमेस धरत नाही. कोट्यवधींचं कर्ज देणारी बँक विनातारण धनकोंच्या, म्हणजे तारण न घेता उधार देणाऱ्यांच्या, रांगेत! एका फॉर्मपायी हे होतं, म्हणून फायनान्स टीममधल्या ज्युनिअरला तारखा सांभाळायला शिकवतात.

मग एस्सार स्टील या कंपनीच्या दिवाळखोरी प्रकरणातला १५ नोव्हेंबर २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाच. अपिलीय न्यायाधिकरणाने बँका आणि माल पुरवणारे यांना एकाच पायरीवर बसवलं होतं. न्यायालयाने ते रद्द केलं आणि कुणाला किती पैसे द्यायचे हा व्यावसायिक निर्णय धनको समितीचा, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँका-वित्तसंस्थांच्या समितीचा, असं सांगितलं. छोट्या पुरवठादाराचं यात काय होतं, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. इचलकरंजी जवळच आहे. उधारीवर सूत देणाऱ्या व्यापाऱ्याशी बोल, त्याची अडचण समजून घे.

या निकालावर दोनेक हजार शब्दांचं निकाल-टिपण, म्हणजे निकालाचं छोटं विश्लेषण, लिही. राष्ट्रीय विधि विद्यापीठांतले विद्यार्थी संपादित करतात, अशा एखाद्या जर्नलकडे पाठव. एका वेळी एकाच ठिकाणी. परदेशी जर्नल्स महाग आहेत, विकत घेऊ नकोस. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोणते डेटाबेस उघडतात, ते ग्रंथपालांना विचार. निकाल आणि एनसीएलटीचे (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचे) आदेश तर वेबसाइटवर फुकट मिळतात.