अस्सल जीटीओ ओळखायची कशी?

प्रश्न : अमेरिकेत 1965 ची पॉन्टियाक जीटीओ ही मोटार विकत घेण्याचा विचार आहे. ती अस्सल आहे हे चासी क्रमांकावरून कळेल का?

उत्तर : नाही. 1964 आणि 1965 मध्ये जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल नव्हते, तर पॉन्टियाकच्याच ले मान्स या मॉडेलवर जादा पैसे देऊन घ्यायचे पॅकेज होते. त्यामुळे क्रमांक ले मान्सचाच असतो आणि जीटीओ दर्शवणारे आरंभीचे ‘242’ हे आकडे 1966 पासून दिसू लागतात. 389 घन इंचांचे इंजिन किंवा चकचकीत बोधचिन्हे (विक्रेते तीच आधी दाखवतात) यांवर विसंबू नये, कारण ती नंतरही बसवता येतात. जुन्या पॉन्टियाक गाड्यांच्या कारखान्यातील नोंदी पुरवणाऱ्या पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत स्वतः मागवावी आणि तिच्यात जीटीओची नोंद असेल, तरच जीटीओची किंमत मोजावी.