इंटर्नल सरांच्या हातात, मग तोंड उघडायचं कसं?

प्रश्न : मी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, वर्गाची सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, आहे. वेळापत्रकात प्रॅक्टिकल आहेत, पण या सत्रात मोजकीच झाली. बाकीच्या प्रयोगांसाठी ‘मागच्या बॅचच्या जर्नलवरून रीडिंग उतरवा’ असं सांगितलं जातं. वर्ग म्हणतो, तू सीआर आहेस, तू बोल. बाबा म्हणतात, डिग्री हातात पडेपर्यंत गप्प बस, इंटर्नल, म्हणजे अंतर्गत गुण, सरांच्याच हातात आहेत. मला एम.एस्सी. करायचंय, शिफारसपत्रही लागेल. तक्रार केली तर करिअर बिघडेल का?

उत्तर : तुझ्या बाबांची भीती खोटी नाही. इंटर्नलचे गुण ज्यांच्या हातात, त्यांच्याविरुद्ध बोलायला पोटात गोळा येणारच. ‘निर्भय हो’ असा सल्ला देणं मला सोपं आहे, गुणपत्रिका तुझी आहे.

पण बाबांच्या हिशेबात एक रक्कम धरायची राहिली आहे. औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये किंवा एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात कुणी समोर ब्युरेट (थेंब मोजून सोडायची काचेची नळी) ठेवून ‘टायट्रेशन करून दाखव’ म्हणालं, तर उतरवलेली रीडिंग तिथे उपयोगी पडत नाहीत. एंड पॉइंट, म्हणजे रंग बदलून अभिक्रिया पूर्ण झाल्याचा क्षण, डोळ्याला कळावा लागतो आणि तो हाताने करूनच कळतो. करिअरचं नुकसान म्हणशील तर ते आत्ताही रोज थोडं थोडं होतंच आहे.

शिफारसपत्राची धास्तीही जरा कमी कर. जॅम किंवा सीयूईटी-पीजी या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षांना शिफारसपत्र लागत नाही, तिथे तुझा स्कोअर बोलतो. परदेशी अर्ज किंवा उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती असेल तर पत्र लागतं, पण ते याच सरांचं असायला हवं असं नाही. ज्या शिक्षकांनी तुझं काम जवळून पाहिलंय त्यांच्याकडून घे.

आता बोलायचं कसं. माझं मत सरळ आहे : माणसाविरुद्ध तक्रार करू नका, कामाची मागणी करा, आणि ती लेखी करा. ‘सर येत नाहीत’ असं लिहिलंत की स्टाफरूममध्ये चर्चा सरांच्या स्वभावाची होते. त्याऐवजी विभागप्रमुखांना असं काहीतरी लिहा :

‘अभ्यासक्रमानुसार या सत्रात अपेक्षित प्रयोगांची यादी सोबत जोडली आहे. त्यांपैकी झालेले प्रयोग तारखांसह नमूद केले आहेत. उरलेल्या प्रयोगांचं वेळापत्रक सूचना फलकावर लावावं आणि अंतर्गत गुण विद्यापीठाकडे पाठवण्याआधी विद्यार्थ्यांना दाखवावेत, ही विनंती.’

एवढंच. विशेषणं नकोत, ‘अन्याय’ हा शब्दही नको. अर्जाचं खरं वजन तारखांच्या तक्त्यात असतं. कॉलेजने काही नाकारायचं ठरवलं तर त्यांना तारखा नाकाराव्या लागतील, आणि ते अवघड असतं. शेवटची मागणी मुद्दाम घातली आहे : गुण आधी दाखवायचे ठरले की कुणावर राग काढणं तितकं सोपं राहत नाही.

सह्या रोल नंबरच्या क्रमाने घ्या, म्हणजे पहिली सही कुणाची हा प्रश्नच उरत नाही. ‘तू बोल’ म्हणणारे सहीच्या वेळी लायब्ररीत जातात, त्याचीही तयारी ठेव. निम्म्याहून कमी सह्या आल्या, तर अर्ज थोडा थांबवून आधी वर्गाशी बोल. प्रॅक्टिकल मागून घेतलं आणि त्या दिवशी आठच जण आले, तर पुढच्या वेळी तुमचं कुणी ऐकणार नाही. दोन प्रती काढा, कार्यालयात आवक क्रमांक टाकून घ्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समज. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र या विषयाचं एक अक्षर नको, स्क्रीनशॉट कुठवर जातात ते तुला सांगायला नको.

बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं, तर पुढची पायरी कायद्याने दिलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणं बंधनकारक आहे. तिच्यात प्राध्यापकांबरोबर एक विद्यार्थी विशेष निमंत्रित म्हणून असतो. माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या सुविधा न देणं, मूल्यमापनातला अपारदर्शकपणा, मूळ कागदपत्रं अडकवून ठेवणं, फीचा परतावा किंवा शिष्यवृत्ती रखडवणं, हे सगळं या समितीच्या कक्षेत येतं. समितीने साधारण पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश, म्हणजे तुमच्या कॉलेजच्या पगारावरचा माणूस नव्हे. नुसतं ‘गुण कमी पडले, पुन्हा तपासा’ एवढ्यावर ते अपील घेत नाहीत. ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. म्हणूनच तो तारखांचा तक्ता.

कागदावर छान दिसणारं सगळं जागेवर असतंच असं नाही. लोकपाल न नेमलेल्या विद्यापीठांची यादी आयोगाला २०२४ मध्ये जाहीर करावी लागली होती. तेव्हा तुमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लोकपालांचं नाव आहे का, हे अर्ज लिहिण्याआधीच बघून ठेव.

लेखी परीक्षेत गडबड वाटली तर माहितीचा अधिकार आहे. तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला ती पाहता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे. अर्जाची फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस.

सीआर म्हणून आणखी एक जागा तुझ्या नजरेत असू दे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार महाविद्यालय विकास समितीवर विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव सदस्य असतात. अंदाजपत्रकापासून विकास आराखड्यापर्यंतचे विषय या समितीपुढे येतात. प्रयोगशाळेत रसायनंच नाहीत म्हणून प्रॅक्टिकल होत नसतील, तर त्याचं मूळ याच बैठकीत सापडेल. तुमच्याकडे परिषद आहे का, त्या खुर्च्यांवर कोण बसतं, ते विचार. परिषदेच्या निवडणुका वर्षानुवर्षं लांबणीवर पडत राहिल्या, त्यामुळे विद्यार्थ्यांनाच या जागांचा विसर पडला आहे.

लैंगिक छळाची किंवा त्रासाची बाब असेल तर वरचं काहीही लागू नाही. तिथे विनंती अर्ज आणि सह्या करत बसायचं नसतं, थेट अंतर्गत तक्रार समितीकडे जायचं. तुझ्या पत्रात तसं काही नाही, पण वर्गातल्या कुणाला गरज पडली तर सांगता यावं म्हणून लिहिलं.

अर्ज देण्याआधी बाबांना वाचायला दे. ‘तक्रार’ ऐकून ते घाबरले आहेत, समोर कागद आला की बोलणं वेगळं होईल. एखादं वाक्य त्यांनी खोडलं तर खोडू दे. तारखांच्या तक्त्याला मात्र हात लावू देऊ नकोस.