आधी गाडी वजनकाट्यावर चढव

पोरा,

तुझा मेसेज तीनदा वाचला. नोकरी सोडून गाडीतच राहायचं ठरवलंस त्यावर मी काय बोलणार, मी पण तेच केलं होतं. पण लडाख आधी की ईशान्य भारत, फोर बाय फोर घेऊ की साधी, डिझेल की पेट्रोल हे सगळं विचारालास आणि भरलेली गाडी किती किलो होणार ते कुठंच नाही. रात्री झोप लागली नाही बघ मला.

मी पण नव्हतं विचारलं. २०१४ ला जुनी व्हॅन घेतली, सीटा काढल्या आणि हौसेनं १९ एमएमच्या प्लायचं फर्निचर केलं. आठ बाय चारची एक शीट ३०-३५ किलो भरते, अशा नऊ घातल्या. २०० लिटरची पाण्याची टाकी पार मागं, दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या, घरातला मोठा सिलिंडर. काकू एवढी खूश होती.

पहिल्याच फेरीत कणकुंबीत चहा घेऊन चोर्ला घाट उतरायला लागलो. पाच-सहा वळणं गेली असतील, करपल्याचा वास आला आणि ब्रेकचं पेडल मऊ पडून आत जायला लागलं. मी सेकंडलाच होतो, हे ध्यानात ठेव. लोक अजून म्हणतात न्यूट्रलला सोडली असणार, साफ खोटं. फर्स्ट टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराकडच्या गटारीत घातली. काकूनं डॅशबोर्ड असा धरला होता की तिची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली. ती परत त्या गाडीत बसली नाही.

पुढं उसाच्या सीझनात ट्रॅक्टरांच्या रांगेत उभा राहून वजनकाट्यावर गाडी चढवली. कंपनीनं दिलेल्या कमाल वजनापेक्षा ४१० किलो जास्त. चालवण्यात चूक नव्हतीच माझी, वजनात होती.

म्हणून सांगालोय, काट्यावर चढव. आरसीवर रिकामं वजन असतंय, कंपनीनं दिलेलं भरलेल्या गाडीचं कमाल वजन बघ, वजा कर, उरलं तेवढ्यातच तुझं घर बसवायचं. त्यात तू पण आलास. पाणी लिटरला किलो. फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना ताकद, त्यासाठी पुढची चाकं फिरवणारा एक्सल आणि ताकद पुढं-मागं वाटणारी ट्रान्सफर केस पण त्यातलंच वजन खातात, कशाला पाहिजे तुला? घर बांधून झालं की परत काट्यावर, मागची चाकं वेगळी तोल. फॅब्रिकेशनवाला म्हणेल काही होत नाही ओ, गाडी ओढते. ओढते रे, पण थांबायला पाहिजे ना!

रूटचं पण तसंच. टाकी भरून घाट चढायचा नाही, पाणी वर पोचल्यावर भरायचं. तिलारी घाटाचं नाव सध्या काढू नको, आंबोलीनं खाली-वर करून बघ, ते पण जुलै-ऑगस्ट सोडून. मनालीहून लेहला जाताना टांडीच्या पंपावर 'पुढचा पंप ३६५ किमी' अशी पाटी लोकांनी वर्षानुवर्षं बघितलीय. मग कॅनमध्ये ४० लिटर डिझेल घेतलंस की ३३ किलो वाढलं, आणि ते चढवायचं टांगलांग ला खिंडीपर्यंत, ५३०० मीटरच्या वर, जिथं विरळ हवेत इंजिनच दमतं. हा हिशोब तुझ्या नकाशावर कुठाय?

आणि मी गाडी विकली ती घाबरून नाही. लडाख राहिलं ते राहिलंच. शेजारची सीट मोकळी ठेवून एकट्यानं जाता आलं असतं, ब्रेक लायनर नवे होते, वजन पण उतरवलं होतं. पण काकूशिवाय काय बघायचं होतं मला तिकडं.

रविवारी ती गाडी बघायला जाणारेस ना, मालकाला सांगून तिथूनच काट्यावर ने. नाही म्हणाला तर परत फिर, दुसरी बघू. पावतीचा फोटो टाक. तोपर्यंत रूटबद्दल मला काही विचारू नको.

तुझा काका