स्वयंसेवी मुक्तस्रोत प्रकल्पाने आपला कोड कंपनीच्या फुकट संकेतस्थळावर ठेवावा का?

“कोड गिटमध्ये आहे, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर त्याची पूर्ण प्रत आहे, मग तो कोणत्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवला याने काय बिघडते?” असे आपण विचारले आहे. (गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली.) कोडबर्ग या ना-नफा संकेतस्थळावर जावे की स्वतःचा सर्व्हर उभारावा, हेही विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे अर्धेच आहे. पहिला प्रश्न मात्र जवळजवळ याच शब्दांत माझ्या एका मित्राने नऊ वर्षांपूर्वी मला विचारला होता आणि त्या वेळी मला गप्प बसावे लागले होते, म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही पाच जण फावल्या वेळात एक छोटा परिवर्तक सांभाळतो. युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टंकलेला मराठी मजकूर तो युनिकोडमध्ये आणतो. त्या फाँटांत ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी टंकलेला असतो आणि रफार अक्षराच्या नंतर, त्यामुळे दोघांनाही उचलून योग्य जागी बसवावे लागते. ते एकदा जमले की जमते. खरा छळ करतो तो ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला आडवा, पापणीसारखा र. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक ठेवायचा, किंवा ०९३१ क्रमांकाचा स्वतंत्र ‘ऱ’ घ्यायचा. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात.

एका निवृत्त मुद्रितशोधक बाईंनी आमच्याकडे इश्यू, म्हणजे प्रकल्पाच्या पानावरची तक्रारनोंद, नोंदवला की, परिवर्तकातून निघालेले ‘आचाऱ्यांनी पंगतीची तयारी केली’ हे वाक्य त्यांच्या प्रकाशकाच्या संकेतस्थळावर चढवले की ‘आचार्यांनी पंगतीची तयारी केली’ असे होते. स्वयंपाक्यांना एका रात्रीत विद्वत्ता प्राप्त होत होती! कारण शोधायला तीन आठवडे लागले. ते संकेतस्थळ अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून गाळत होते, जोडक गेला की उरलेल्या र्-चा रफार होत होता आणि बाई दर दोन दिवसांनी नवी उदाहरणे पाठवत होत्या. अखेर आपण नेहमी ०९३१चाच ‘ऱ’ द्यायचा असे ठरले. कोडमध्ये त्यासाठी एक ओळ वाढली आणि तिच्या वर मी मोठ्या समाधानाने टीप लिहिली: ‘कारण इश्यू १४२मध्ये पाहावे.’

दोन वर्षांनी एका सोमवारी आमचे पानच उघडेना. प्रकल्पाची मालकी ज्या एका खात्याकडे होती ते माझ्या याच मित्राचे खाते, आणि कंपनीच्या स्वयंचलित तपासणीने ते गोठवले होते. (कंपनीचे नाव घेत नाही, कारण तिच्या जागी दुसरी असती तरी हेच झाले असते.) आम्ही पाठवलेल्या प्रत्येक पत्राला तेच छापील उत्तर आले. तेवीस दिवसांनी खाते जसे गेले तसे परत आले आणि कारण आजतागायत कळलेले नाही.

मित्राचे म्हणणे खरे ठरले हे मी मान्य करतो: कोडची एकही ओळ गेली नव्हती आणि त्याच संध्याकाळी तो आम्ही दुसरीकडे चढवला. पण तीनशेच्या वर इश्यू तिथेच अडकले. नेमक्या त्या दिवसांत अभियांत्रिकीचा एक उत्साही विद्यार्थी आमच्यात आला. त्याने कोड वाचला, पडद्यावर हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींची अदलाबदल करणारी ती ओळ त्याला सापडली, इश्यू १४२ कुठेच उघडेना, तेव्हा ती निरर्थक समजून त्याने ती काढून टाकणारा बदल पाठवला आणि माझ्या मित्राने तो मंजूर केला. त्या मुलाला मी दोष देत नाही. पुढची आवृत्ती एका दिवाळी अंकाच्या मंडळींनी वापरली, त्यांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरने जोडक गाळला, आणि कथेतल्या ‘दऱ्याखोऱ्यांत’चे ‘दर्याखोर्यांत’ होऊन ते छापले गेले. बाईंनी मला एकाच ओळीचे पत्र पाठवले: “हे आपण मिटवले होते ना?”

म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, गिट कोड वाचवते, पण तो तसा का लिहिला हे वाचवत नाही. इश्यू, पुल रिक्वेस्टखालची (बदल स्वीकारण्याच्या विनंतीखालची) चर्चा, कोणी काय नाकारले आणि का, हे सारे गिटच्या बाहेर, त्या संकेतस्थळाच्या डेटाबेसमध्ये असते. मायक्रोसॉफ्टने २०१८मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळासाठी साडेसात अब्ज डॉलर मोजले तेव्हा तिथला मुक्त परवान्याचा कोड तर कोणालाही फुकट मिळत होता. किंमत मोजली गेली ती लोकांच्या तिथेच येऊन बोलण्याच्या सवयीची, असे माझे मत आहे.

गिटचा जन्मच अशा अवलंबित्वातून झाला, हे लोक सोयीस्करपणे विसरतात. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, काम २००२पासून बिटकीपर या बदलांची नोंद ठेवणाऱ्या खासगी प्रणालीवर चालत होते. २००५मध्ये तिचा फुकट परवाना काढून घेतला गेला आणि त्याच एप्रिलमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले. पुढे कोड ठेवण्याच्या अशाच संकेतस्थळांपैकी गूगल कोडने २०१५च्या मार्चमध्ये बंद होत असल्याचे जाहीर केले आणि २०१६च्या जानेवारीत ते मिटले. गिटोरियसही २०१५मध्येच संपले. सोर्सफोर्जवर त्याच वर्षी गिंप या चित्रसंपादकाच्या विंडोज आवृत्तीसोबत जाहिरातींचे सॉफ्टवेअर चिकटवले गेले. कंपनीचा हेतू वाईट असावा लागतो असेही नाही. २०१४च्या डिसेंबरात दहशतवादविरोधी पथकाच्या सांगण्यावरून भारतात जी ३२ संकेतस्थळे अडवली गेली त्यांत गिटहबही होते, आणि २०१९च्या जुलैमध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराणमधल्या अनेक प्रोग्रॅमरांची तिथली खाती अडली.

आता कोडबर्गबद्दल. बर्लिनमधली नोंदणीकृत ना-नफा संस्था ते चालवते, तिच्या सक्रिय सभासदांना मताधिकार आहे, आणि तिथले फोर्जेजो हे सॉफ्टवेअर स्वतः मुक्तस्रोत आहे. फोर्जेजोमध्ये गिटहबवरचा प्रकल्प आयात करताना इश्यू आणि पुल रिक्वेस्टही आणता येतात, आणि आपण ते आणावेतच. झिग ही प्रोग्रॅमिंग भाषा २०२५च्या नोव्हेंबरात जुने इश्यू गिटहबवरच ठेवून कोडबर्गवर गेली. त्यांच्याकडे जुने संदर्भ तोंडपाठ असणारी माणसे आहेत. पाच जणांच्या प्रकल्पाने तसे करू नये.

स्वतःच्या सर्व्हरबद्दल माझा सल्ला विकतचा आहे. खाते परत आल्यावरही मी रागाच्या भरात भाड्याचा सर्व्हर घेऊन त्यावर सगळे उभारले आणि आठ महिन्यांत बंद केले. बनावट खाती रोज उपटायची, सुरक्षा प्रमाणपत्र नेमके गावी असताना संपायचे, आणि नवे खाते उघडायच्या कंटाळ्याने नवे लोक यायचे थांबले. आता तर एआयसाठी मजकूर गोळा करणाऱ्या यंत्रांनी असे छोटे सर्व्हर बेजार केले आहेत. नोमसारख्या मोठ्या प्रकल्पालाही आपल्या गिटलॅबपुढे (कोड ठेवण्याच्या स्वतःच्या सर्व्हरपुढे) अनुबिस नावाचा, अशी यंत्रे अडवणारा पहारेकरी बसवावा लागला. डेबियन, नोम आणि केडीई या मोठ्या मुक्तस्रोत प्रकल्पांना स्वतःचे घर झेपते, कारण ते झाडणारी माणसे त्यांच्याकडे आहेत. तुमच्याकडे किमान दोन माणसे नसतील तर त्या वाटेला जाऊ नका.

थोडक्यात, मी कंपनीचे संकेतस्थळ आजच सोडा असेही म्हणत नाही, आणि हे माझ्या वरच्या आवेशाशी विसंगत वाटले तर तसे वाटू द्या. आम्ही स्वतः आज कोडबर्गवर आहोत आणि जुन्या जागी केवळ आरसाप्रत ठेवली आहे, म्हणजे शोधत येणाऱ्याला पत्ता मिळतो. मालकी तीन खात्यांकडे आहे. दर रविवारी एक लहानशी स्क्रिप्ट सगळे इश्यू साध्या मजकुराच्या फायलींत उतरवून त्याच रेपॉझिटरीत, म्हणजे कोडच्याच साठ्यात, कमिट करते (नोंदवते). एसक्यूलाइट या डेटाबेसचे रिचर्ड हिप यांनी लिहिलेल्या फॉसिल या गिटसारख्याच प्रणालीमध्ये तर तक्रारनोंदी आणि विकी मुळातच कोडबरोबर प्रत्येकाच्या प्रतीत येतात. गिटने ही गोष्ट उचलायला हवी होती.

ती ओळही परत आली आहे. तिच्या वर आता इश्यूच्या क्रमांकाऐवजी आचारी आणि आचार्य यांची हकिगत सात ओळींत लिहिलेली आहे. मित्राला ती टीप अजूनही लांबलचक वाटते आणि त्याने ती दोन ओळींवर आणणारा बदल दोनदा पाठवला आहे. मी तो दोन्ही वेळा नाकारला, आणि नाकारण्याचे कारणही रविवारच्या फायलींत आहे.