लग्नासाठी ठेवलेले 9 लाख आणि फ्लॉरेन्सचा इतिहास

नाशिकहून एका शिक्षिकेने विचारलंय: मुलगी 23 वर्षांची, इतिहासात बीए. इंग्लंडमध्ये मध्ययुग आणि रेनेसाँ (इटलीत सुरू झालेलं युरोपचं प्रबोधनयुग) या विषयाच्या एक वर्षाच्या एमएला प्रवेश मिळालाय. एकूण खर्च 34 लाख. घरात 9 लाखांची एफडी, 14 लाखांचा पीपीएफ आणि कर्ज फिटलेला फ्लॅट. यजमान चार वर्षांनी निवृत्त होतील. उरलेल्या 25 लाखांसाठी फ्लॅट तारण ठेवून 10.5 टक्क्यांनी कर्ज काढावं का?

ताई, फ्लॅट तारण ठेवू नका. पण मुलीला हा विषय सोडायलाही सांगू नका.

आधी हप्त्याचं बघू. शिक्षणाचं एक वर्ष आणि नोकरी शोधायचं एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चढत राहतं. दोन वर्षांत 25 लाखांचे 30 लाख 25 हजार होतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे 40,800 रुपये. आता दुसरी बाजू: इथे परत येऊन तिने नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) दिली आणि जेआरएफ (संशोधनासाठीचं विद्यावेतन) मिळाली, तरी महिन्याला 37,000 मिळतात. शिवाय नेटचा इतिहासाचा अभ्यासक्रम मुख्यतः भारताचा आहे, तिथे इटलीचा अभ्यास फारसा कामी येत नाही. म्हणजे हप्ता यजमानांच्या पेन्शनमधून जाणार. तुम्ही पत्रात हे लिहिलेलं नाही, पण आकडे तेच सांगतात.

या विषयात पैसा येतो तो पीएचडीच्या टप्प्यावर. अमेरिकेतली बरीच मोठी विद्यापीठं पीएचडीला फी माफ करून वर विद्यावेतनही देतात. पण निवड करताना ती लॅटिन येतं का ते बघतात आणि जुनी हस्ताक्षरं वाचता येतात का, तेही बघतात. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो गावातल्या फ्रान्चेस्को दातिनी या व्यापाऱ्याची (मृत्यू 1410) दीड लाखाच्या आसपास पत्रं आणि शेकडो हिशेबवह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. माझ्यासारख्या हिशेबाच्या माणसाचा जीव तिथे अडकतो. पण ती वाचायची तर तेव्हाची इटालियन आणि व्यापाऱ्यांचं घाईचं वळण डोळ्यांत बसायला हवं, आणि त्याची सुरुवात नाशिकला बसूनही करता येते.

म्हणून विद्यापीठाला लेखी विचारा, प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का. या वर्षात तिने लॅटिन आणि इटालियनचे ऑनलाइन वर्ग धरावेत. इनलॅक्स, जे. एन. टाटा, आणि ऑक्सफर्ड, रेडिंग किंवा लंडनच्या सोआसमध्ये अर्ज करणार असेल तर फेलिक्स, या शिष्यवृत्त्यांच्या तारखा आत्ताच वहीत लिहून ठेवा. टाटांची मदत कर्जाऊ असते, हे लक्षात असू द्या. इटलीतल्या सरकारी विद्यापीठांनाही अर्ज करायला लावा. तिथे बऱ्याच ठिकाणी कुटुंबाच्या उत्पन्नावर फी ठरते, आणि प्रादेशिक शिष्यवृत्ती परदेशी मुलांनाही मिळते. तिचा विषय फ्लॉरेन्स असेल तर मला ही वाट इंग्लंडपेक्षा जवळची वाटते.

तुमची मर्यादा साडेसोळा लाख धरा: एफडीचे 9 आणि कर्ज साडेसात. बाकीचं शिष्यवृत्तीतून किंवा कमी फीमुळे जमायला हवं. एवढ्या कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत, आणि याच हिशेबाने हप्ता सव्वाबारा हजारांच्या आसपास बसतो. तो ती स्वतः भरू शकेल. पीपीएफला हात लावायचा नाही, तो तुम्हा दोघांचा आहे.

आता त्या एफडीबद्दल. तुमच्या यादीत तिच्यापुढे कंसात ‘लग्न’ लिहिलंय. 1425 साली फ्लॉरेन्सच्या सरकारने मुलींच्या हुंड्यासाठी ठेव योजना काढली होती. बापाने मुलीच्या नावे पैसे ठेवायचे, साडेसात किंवा पंधरा वर्षांनी तिचं लग्न झालं की रक्कम हुंडा म्हणून नवऱ्याकडे जायची. तुमची मुलगी कदाचित याच मुलींच्या नोंदी वाचायला निघालीय. तो कंसातला शब्द खोडा आणि तिथे तिचं नाव लिहा. लग्नाचं ती आणि तुम्ही पुढे बघाल.

विद्यापीठाचं उत्तर आलं की मला कळवा, मग कर्जाचे कागद एकत्र बघू.