रब रात्रभर लावूनही चिकन आतून अळणीच

प्रश्न: चिकनच्या तंगड्यांना विकतचा ड्राय रब (मांसाला चोळायचं मीठ-मसाल्याचं कोरडं मिश्रण) भरपूर चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते, तरी ग्रिलवर बाहेरून काळंकुट्ट, कडवट होतं आणि आतून अळणी लागतं. अजून जास्त वेळ ठेवू का?

उत्तर: नका ठेवू, वेळ वाढवून काही होणार नाही. रबमधलं मीठ सोडलं तर बाकी कुणी फारसं आत जातच नाही, मिरी, पेपरिका (कमी तिखट लाल मिरचीची पूड), लसूण पावडर सगळे वरच्यावरच राहतात, आठवडाभर ठेवा नाहीतर तासभर. मीठ मात्र आधी मांसातलं पाणी बाहेर ओढतं, त्यात विरघळतं आणि मग हळूहळू आत शिरतं. म्हणून मी तर म्हणेन मीठ वेगळं आणि मसाला वेगळा, दोघांची कामंच वेगळी आहेत. किलोभर मांसाला १० ते १२ ग्रॅम मीठ, हाडं असतील तर जरा कमी, आणि ते चमच्याने नको, वजन करून घ्या, कारण जाड मीठ आणि बारीक मीठ एकाच चमच्यात सारखं बसत नाही. तंगड्यांना तीन-चार तास आधी लावलं तरी पुरे, मोठा तुकडा असेल तर आदल्या रात्री. फ्रीजमध्ये उघडंच ठेवा (सगळ्यात खालच्या कप्प्यात, बाकीच्या खाण्यापासून लांब), वरून कोरडं झालं की रंग छान येतो, ओलं राहिलं तर आच आधी ते पाणी उडवण्यातच जाते. रब लावायचा तो ग्रिलवर टाकायच्या थोडं आधी, हाताला किंचित तेल लावून.

पण त्याआधी पाकीट उलटं करून घटक वाचा. जे जास्त ते आधी लिहिलेलं असतं. मीठ वरच्या नंबरला असेल तर वेगळं मीठ लावूच नका, तो रबच आधी लावा. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं साखर पहिली असणार, आणि कडवटपणा तिचाच. साखर साधारण १६० अंश सेल्सिअसला कॅरमल व्हायला लागते, त्याच्या वर गेली की करपते, आणि निखाऱ्यांवरची जाळी सहज २५० च्या पुढे जाते, मग काय होणार! पेपरिका आणि लसूण पावडरही लवकर जळतात. साखरवाला रब मंद आचेसाठी, म्हणजे निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, झाकण बंद आणि आत ११०-१२० अंश. तंगड्या थेट आचेवरच करायच्या असतील तर बिनसाखरेचा रब घ्या, गोड हवंच असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत सॉस लावा. आणि शिजलं की नाही हे रंगावर ठरवू नका, थर्मामीटर हाडाला न टेकवता जाड भागात खुपसा, ७४ अंश दिसले की उतरवा.

प्रश्न: वाटीत उरलेला रब परत बरणीत टाकला तर चालेल का?

उत्तर: कच्च्या मांसाचा हात लागला असेल तर अजिबात नाही, फेकून द्या. लागेल तेवढाच आधी काढून घ्यायचा.

प्रश्न: घरी रब करताना अख्खे मसाले भाजून घ्यायचे का?

उत्तर: मंद आचेवर करणार असाल तर जिरं, धणे हलके भाजा, मस्त वास येतो. थेट निखाऱ्यांवर टाकणार असाल तर कच्चेच कुटा, तिथे ते भाजले जातातच. मिरी दोन्हीकडे जाडसर, पेपरिका कधीच भाजू नका.